फरशीवरची बाग: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: घरामागे फरशी घातलेली सहा बाय आठ फुटांची मोकळी जागा आहे. टोमॅटो, मिरची, पालेभाजी असे सगळेच लावायची हौस आहे. आधी कुंड्या घ्याव्यात की रोपे?

उत्तर: आधी ऊन मोजा. एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा आणि सकाळी ७ पासून संध्याकाळी ६ पर्यंत दर तासाला चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी ऊन आहे की सावली, एवढेच कागदावर टिपा. एवढ्याशा जागेतही एका कोपऱ्यात सहा तास ऊन आणि दुसऱ्यात जेमतेम दोन तास, असे सर्रास असते. फळ धरणाऱ्या झाडांना रोज किमान ६ तास थेट ऊन लागते. कोथिंबीर, पालक, पुदिना ३ ते ४ तासांतही चांगले येतात. सूर्य ऋतूप्रमाणे सरकतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा एकदा मोजणी करा.

मग कुंड्या. टोमॅटोच्या एका रोपाला १५ ते २० लिटर मिश्रण (माती, खत वगैरे मिळून) लागते, मिरचीला ८ ते १० लिटर. पालेभाजीला १५ सेंटीमीटर खोली पुरते, पण ट्रे पसरट हवा. बारा इंची कुंडीत साधारण १२ ते १५ लिटर मिश्रण मावते, म्हणजे त्यात टोमॅटोचे जेमतेम एकच रोप. दोन लावली तर दोन्ही उपाशी राहतात. उंच वाढणारी झाडे अशा बाजूला ठेवा की त्यांची सावली बुटक्यांवर पडणार नाही, आणि पाणी घालायला हात पोहोचेल अशी दीड-दोन फुटांची वाट मोकळी राहू द्या.

तापलेली फरशी आणि काळ्या, पातळ प्लॅस्टिकच्या कुंड्या ही जोडी मुळांना भाजते. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा आणि बाहेरच्या रांगेतल्या कुंड्यांना पोत्याचे कापड गुंडाळा. ऊन पानांना मिळू द्या, सावली कुंडीला.

प्रश्न: चांगली काळी माती कुंडीत भरली. निचऱ्यासाठी तळाशी विटांचे तुकडे घातले, पाच भोके पाडली. तरी आठवडाभर माती चिखलासारखीच राहते आणि झाड पिवळे पडत चालले आहे.

उत्तर: विटांचे तुकडे काढून टाका. ते निचरा वाढवत नाहीत, उलट मुळांची जागा कमी करतात.

कारण असे. मातीचे बारीक कण पाणी धरून ठेवतात. जमिनीत खालची माती ते ओढून घेते, कुंडीत खाली ओढणारे कोणी नसते. म्हणून प्रत्येक कुंडीच्या तळाशी एक थर कायम चिंब राहतो. खाली विटा घातल्या की पाणी बारीक मातीतून मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजेपर्यंत तिथेच अडून राहते. चिंब थर तेवढाच राहतो, फक्त विटांच्या जाडीइतका वर सरकतो. ओला स्पंज आडवा धरा, पाणी टपकायचे थांबले की उभा करा: पुन्हा पाणी गळू लागेल. उंची वाढली की निचरा वाढतो. त्यामुळे तेच मिश्रण उथळ कुंडीपेक्षा खोल कुंडीत जास्त कोरडे आणि हवेशीर राहते.

दुसरा दोष काळ्या मातीचा. शेतात उत्तम असलेली ही माती कुंडीत दाबून बसते, तिच्यातली हवा निघून जाते आणि वाफसा (ओल आणि हवा यांचा योग्य मेळ) येतच नाही. पाणी नव्हे, हवा संपल्यामुळे मुळे कुजतात. १५ लिटरच्या कुंडीसाठी मापाने असे घ्या: ४ लिटर हलकी माती, ४ लिटर पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत, ४ लिटर भिजवून पिळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि २ लिटर परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे) किंवा २ ते ४ मिलिमीटर दाण्याची जाड वाळू. बारीक वाळू घालू नका. ती पोकळ्या बुजवते आणि मिश्रण आणखी घट्ट करते. हलकी माती मिळत नसेल तर मातीच वगळा आणि कोकोपीट व परलाइट वाढवा. तयार मिश्रण ओले करून मुठीत दाबा: गोळा व्हायला हवा, पण बोटाने टोचताच फुटायला हवा. फुटला नाही तर परलाइट अजून घाला. कुंडी भरताना वर ३ सेंटीमीटर जागा सोडा, नाहीतर पाणी मुरायच्या आत ओघळून जाते.

भोके ८ ते १० मिलिमीटरची असावीत आणि त्यांवर जाळीचा तुकडा पुरे. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: सपाट फरशीवर कुंडीचा तळ चिकटून बसतो आणि पाडलेली भोके बंद होतात. कुंडी २-३ सेंटीमीटर उचलून ठेवा. काढलेले विटांचे तुकडे या कामाला लावा.

पिवळे पडलेले झाड आजच बाहेर काढा. तपकिरी, बुळबुळीत, वास येणारी मुळे कापा, पांढरी आणि टणक मुळे ठेवा. जेवढी मुळे गेली त्या बेताने वरच्या फांद्याही छाटा. नव्या मिश्रणात लावून एकदा भरपूर पाणी द्या आणि पाच-सात दिवस सावलीत ठेवा. नवी पालवी दिसेपर्यंत खत अजिबात नको. दुखावलेल्या मुळांना खताचे क्षार सोसत नाहीत.

प्रश्न: रोज पाणी घालते, खालून लगेच वाहूनही जाते, तरी झाड मान टाकते. पाणी कमी पडते की जास्त होते?

उत्तर: वाहून जाते म्हणजे भिजते असे नाही. कोकोपीट जास्त असलेले मिश्रण एकदा पूर्ण वाळले की आक्रसते आणि कुंडीच्या कडेला फट पडते. पाणी त्या फटीतून थेट तळाला जाते, मधला गड्डा, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, कोरडाच राहतो. बोट दोन पेरे आत घालून पाहा. आत कोरडे लागले तर कुंडी पाण्याच्या टबात दोनतृतीयांश उंचीपर्यंत अर्धा तास बुडवा, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या. मोठी कुंडी उचलता येत नसेल तर दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन वेळा थोडे थोडे पाणी घाला.

एवढे करूनही दिवसभरात पुन्हा कोरडे पडत असेल तर मुळांनी कुंडी भरली आहे. गड्डा बाहेर काढा. मुळे गोल गोल फिरलेली दिसली तर धारदार सुरीने बाजूंना तीन-चार उभ्या, सेंटीमीटरभर खोल चिरा द्या आणि २ इंच मोठ्या कुंडीत लावा. एकदम खूप मोठी कुंडी घेऊ नका, मुळे न पोहोचलेली माती ओली राहून कुजट होते.

भर दुपारी मान टाकून संध्याकाळी पुन्हा ताठ होणारे झाड मात्र बहुधा तहानलेले नसते, पाने मुळांपेक्षा वेगाने पाणी सोडत असतात एवढेच. तेव्हा बोटाने ओल तपासल्याशिवाय पाणी घालू नका.

प्रश्न: टोमॅटोचे बूड काळे पडून आत बसते. अंड्याची टरफले घातली, फरक नाही.

उत्तर: हा रोग नाही, फळाला कॅल्शियम न पोहोचल्याची खूण आहे. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते आणि प्रवाह जातो जिथून बाष्प जास्त उडते तिथे, म्हणजे पानांकडे. फळाच्या वाट्याला उरलेसुरले येते. कुंडी एक दिवस जरी पूर्ण वाळली तरी वाढत्या फळाला तुटवडा पडतो. अंड्याचे टरफल विरघळायला अनेक महिने लागतात, ते या हंगामात उपयोगी पडणार नाही.

ओल सारखी ठेवा: पुरेशी मोठी कुंडी, वर ३ ते ५ सेंटीमीटर सुक्या पाल्याचे आच्छादन, कडक उन्हात सकाळ-संध्याकाळ पाणी. नत्रयुक्त खत कमी करा, कारण ते पाने वाढवते आणि पाने कॅल्शियम ओढून घेतात. कोकोपीट कॅल्शियम स्वतःकडे धरून ठेवते. मिश्रण जवळजवळ निव्वळ कोकोपीटचे असेल तर दर १०-१५ दिवसांनी लिटरला १ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट मुळांशी द्या. ते फॉस्फेट किंवा सल्फेट असलेल्या खतात एकत्र करू नका, साका बसतो. काळे पडलेले फळ सुधारत नाही, तोडून टाका.

प्रश्न: मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो. बुरशी आहे का?

उत्तर: कुरकुरीत असेल तर क्षार, कापसासारखा मऊ असेल तर बुरशी. क्षार पाण्यातून आणि खतातून येतात. वरची सेंटीमीटरभर माती खरवडून काढा, कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून निथळू द्या आणि खालची ताटली लगेच रिकामी करा. पुढे खताची मात्रा निम्मी करा आणि कोरड्या मातीत खत कधीच घालू नका.

प्रश्न: मिरचीवर पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) आहे. फवारणी केली की जातो आणि पंधरा दिवसांत परत येतो.

उत्तर: अंगावरच्या मेणामुळे मोठ्या किडीवर फवारा टिकत नाही आणि अंडी तर कापसात सुरक्षित असतात. मरतात ती पिल्ले. म्हणून एका फवारणीने भागत नाही. आधी ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून दिसतील तेवढे गुच्छ पुसून घ्या. मग ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि २ मिलिलिटर सौम्य द्रव साबण आधी एकत्र घोटा आणि १ लिटर कोमट पाण्यात मिसळा. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते आणि पाने जाळते. संध्याकाळी, पानांच्या खालून आणि बेचक्यांत फवारा. दर ७ दिवसांनी तीन-चार वेळा करा, द्रावण दर वेळी ताजे बनवा आणि मिरच्या धुऊनच वापरा.

मुंग्या दिसतात का ते पाहा. चिकट गोड स्रावासाठी मुंग्या या किडीला जपतात आणि तिला खाणाऱ्या कीटकांना हुसकावतात. कुंडीखालचे आधार पाण्याच्या ताटलीत ठेवले की त्यांची वाट तुटते, पण पाने शेजारच्या भिंतीला टेकलेली नसावीत. वर कीड नाही तरी झाड खुरटत असेल तर गड्डा काढून मुळांवर पांढरी भुकटी आहे का ते तपासा.

प्रश्न: आठ दिवस घर बंद राहणार आहे. पाण्याचे काय?

उत्तर: कुंड्या सावलीत एकत्र आणा, मधोमध उंच स्टुलावर झाकण घातलेली बादली ठेवा. ६ ते ८ मिलिमीटर जाडीची सुती दोरी आधी पूर्ण भिजवा, एक टोक बादलीच्या तळापर्यंत सोडा आणि दुसरे मातीत ७-८ सेंटीमीटर खोल पुरा. मोठ्या कुंडीला दोन दोऱ्या लावा. निघण्यापूर्वी तीन दिवस चालवून पाहा: बादलीची पातळी रोज किती उतरते ते मोजले की आठ दिवसांना किती पाणी लागेल ते कळते. ताटल्यांत पाणी भरून ठेवून जाऊ नका, मुळे कुजतील आणि डास होतील.

फळांनी लगडलेला टोमॅटो मात्र दोरीवर निभावत नाही. रंग धरू लागलेली फळे उतरवा, खालची पाने आणि बगलफुटी (पानांच्या बेचक्यातून फुटणारे कोंब) काढा, आणि तेवढ्या एका कुंडीसाठी एक दिवसाआड येणारे माणूस शोधा.