स्वित्झर्लंडला जाताय? आधी कँटन (तिथलं राज्य) बघा, मग भाषा शिका

‘देशात 4 राष्ट्रीय भाषा, मग इंग्रजीवर भागेल’ असं धरून चालू नका. कार्यालयीन पत्रं कँटनच्या भाषेतच येतात. 26 पैकी 17 कँटन फक्त जर्मन; जिनिव्हा, व्हो, नशातेल, ज्युरा फ्रेंच; तिचिनो इटालियन. बर्न, फ्रिबुर्ग, व्हाले द्विभाषिक, तर ग्राउब्युन्डेन त्रिभाषिक; रोमान्श तिथलीच.

खरी फसगत झुरिकला होते. वर्गात शिकलेली जर्मन तिथे वाचता-लिहिता येते, पण लोक बोलतात ती स्विस बोली, आणि बी1 (भाषेची मधली पातळी) झालेल्यालाही ती सुरुवातीला कळत नाही. म्हणून आधी प्रमाण जर्मनच पक्की करा. बोलीसाठी नुसता कान तयार ठेवा. अडलं तर ‘होखडॉइच, बिट्टे’ (‘प्रमाण जर्मन, प्लीज’) म्हणा, लोक लगेच बदलतात. नमस्काराला झुरिकमध्ये ‘ग्रुएत्सी’, बर्नमध्ये ‘ग्रुएसेख’. लिहिताना जर्मनीतलं ‘एस्त्सेट’ (ß) अक्षर वापरू नका, इथे दोन ‘एस’ लिहितात.

फ्रेंच भागात सत्तरला ‘सेप्तांत’, नव्वदला ‘नोनांत’. पॅरिसच्या ‘साठ-दहा’ छाप आकड्यांपेक्षा किती सुटसुटीत! ऐंशीला व्होमध्ये ‘विटांत’, जिनिव्हात मात्र पॅरिससारखं ‘कात्र-व्हां’च (चार-वीस).

पुढे नागरिकत्व हवं असेल तर बोलण्यात किमान बी1, लेखनात ए2 (त्याखालची पातळी) लागतं.