बारावीतला मुलगा म्हणतोय, इंजिनिअरिंग नको, रॉक बँडमध्ये बास वाजवणार

ताई नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. सांगलीतला बारावी सायन्सचा मुलगा, मार्क चांगले, मे 2025 मध्ये मावसभावासोबत मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन' रोझेस या अमेरिकन रॉक बँडचा शो बघून आला आणि तेव्हापासून एकच धोशा, सीईटी देतो पण इंजिनिअरिंगला जाणार नाही, हार्ड रॉक बँडमध्ये बास वाजवणार. त्याच्या बाबांनी बोलणं टाकलंय. तुम्ही विचारलंय की यात पोट भरतं का, पोरगं व्यसनाला लागेल का, आणि चार तारांचं ते वाद्य जे गाण्यात ऐकूही येत नाही त्याचे पैसे कोण देणार.

शेवटचं आधी घेऊ कारण ते सोप्पंय. ऐकू येत नाही कारण तुम्ही मोबाईलच्या स्पीकरवर ऐकताय. बासची सगळ्यात खालची तार साधारण 41 हर्ट्झला वाजते, मोबाईलचा एवढासा स्पीकर तो आवाज काढूच शकत नाही. मुलाचे चांगले हेडफोन घ्या आणि 'स्वीट चाइल्ड ओ' माइन'ची सुरुवात ऐका, वर स्लॅशची गिटार वाजतेय तिकडे लक्ष देऊ नका (अवघड आहे, माहितीय), तिच्याखाली एक वेगळीच गोड चाल चाललेली असते, ती बास. भजनात पेटी थोडी इकडेतिकडे झाली तर चालून जातं पण पखवाज सुटला की सगळे भानावर येतात, तसंच हे.

ती चाल वाजवणारा माणूस म्हणजे डफ मॅकॅगन, जो त्या दिवशी मुंबईत स्टेजवर होता, आणि मला वाटतं तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच्या आयुष्यात आहेत, फक्त तुमचा मुलगा पोस्टरवरचा डफ बघतोय आणि मला तुम्हाला दुसरा दाखवायचाय.

1964 चा जन्म, सिअ‍ॅटलचा, आठ भावंडांत शेंडेफळ, बास शिकवला मोठ्या भावाने. पोरगा अभ्यासात बरा होता तरी शाळा सोडली (हे मुलाला सांगू नका, त्याला आधीच माहीत असणार). गावातल्या पंक बँड्समध्ये ड्रम, गिटार, जे लागेल ते वाजवलं. 1984 ला विशीत लॉस एंजेलिसला गेला तेव्हा रेस्टॉरंटच्या किचनमध्ये नोकरी करत होता, त्याआधी सिअ‍ॅटलमध्येही बेकरी-किचनचंच काम. पेपरातली 'बासिस्ट पाहिजे' अशी जाहिरात बघून फोन केला, ती दिली होती स्लॅश आणि ड्रमर स्टीव्हन अ‍ॅडलरने. पुढे 1985 ला गन्स एन' रोझेस उभा राहिला, आणि बँडच्या पहिल्याच बाहेरगावच्या फेरीला गाडी वाटेत बंद पडली तर पोरं लिफ्ट मागत मागत सिअ‍ॅटलला पोचली. पहिला अल्बम आला जुलै 1987 ला आणि अमेरिकेत एक नंबरला गेला ऑगस्ट 1988 ला. म्हणजे इतिहासातल्या इतक्या खपलेल्या अल्बमलाही वर यायला वर्ष लागलं, आणि आपण चिरंजीवांकडे सहा महिन्यात रिझल्ट मागतोय.

आता व्यसन. इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. डफ इतका प्यायचा की मे 1994 मध्ये तिशीतच त्याचं स्वादुपिंड सुजून फुटलं. हॉस्पिटलमध्ये त्याची आई त्याला बघायला आली ती व्हीलचेअरवर, तिला स्वतःला पार्किन्सन्स होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, प्यायलास तर महिनाभरही काढणार नाहीस. सुटली मग. सायकल, किकबॉक्सिंग, रोजचा व्यायाम यावर माणूस उभा राहिला. मुलाशी बोलताना हे भाषण म्हणून देऊ नका, ती पोरं अशा भाषणांना कंटाळलेली असतात. डफने 2011 साली आत्मचरित्र लिहिलंय, त्यातलं हॉस्पिटलचं प्रकरण त्याला स्वतःला वाचू द्या. माझं मत विचाराल तर दारू इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवरही मिळते, फरक एवढाच की पबमध्ये वाजवणाऱ्याला ती रात्री कामाच्या जागीच समोर येते, तेव्हा हा नियम बँडने आधीच ठरवलेला बरा, शो संपेपर्यंत कोणीच नाही.

आणि पोट. बरा झाल्यावर डफच्या हातात बँडचे जुने हिशोबाचे कागद आले. लाखो डॉलरचे दौरे केलेले, आणि कागदातलं एक अक्षर कळेना, कोणाला विचारायचीही लाज. मग हा सुपरस्टार साध्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन फायनान्सच्या बेसिक वर्गात बसला, नंतर सिअ‍ॅटल युनिव्हर्सिटीत बिझनेस शिकायला लागला. डिग्री पुरी व्हायच्या आत वेल्व्हेट रिव्हॉल्व्हर हा नवा बँड जमला म्हणून ते राहिलं, पण 2011 मध्ये त्याने म्युझिशियन लोकांचे पैसे सांभाळणारी कंपनीच काढली. 2016 ला तो परत जुन्या बँडमध्ये आला आणि त्या दौऱ्याने 2019 पर्यंत 58 कोटी डॉलरच्या वर धंदा केला. यावेळी त्याला कागद वाचता येत होते!

म्हणून माझा सल्ला असा की इंजिनिअरिंगचा हट्ट सोडा आणि त्याने 'कॉलेजच नको' हा हट्ट सोडावा. हिशोब कळावेत म्हणून बी.कॉम. करू द्या, पुण्यात नाहीतर सांगलीत. ही सोय म्हणून सांगत नाहीये, आपल्याकडे बासिस्ट गाणं करायला बरोबर बसतो, अर्धी रचना त्याची असते, आणि क्रेडिटमध्ये नाव जातं गायकाचं न् गिटारवाल्याचं, मग रॉयल्टी आली की हा हात चोळत बसतो. गन्स एन' रोझेसच्या पहिल्या अल्बमवर गाणी सगळ्या बँडच्या नावावर आहेत हे त्याला दाखवा. फक्त हार्ड रॉकवर घर चालवणारे आपल्याकडे फार थोडे, हे त्याने मान्य करायलाच हवं. बाकीचे काय करतात तर आठवड्याला पबमध्ये कव्हर (म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली) गाणी, सीझनला लग्नाच्या संगीतचे शो, घरून रेकॉर्ड करून पाठवलेले बास ट्रॅक, शिकवण्या. त्यासाठी रॉकस्कूल नाहीतर ट्रिनिटीच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा द्यायला लावा, नोटेशन (कागदावर लिहिलेले सूर) वाचता येणाऱ्याला ऐनवेळी बोलावणं येतं. लाखो रुपयांचा म्युझिक डिप्लोमा आत्ताच नको.

अँपचं (बासचा आवाज मोठा करणाऱ्या डब्याचं) लिहिलंय तुम्ही, मोठा मागतोय म्हणून. आत्ता नको, हेडफोनवर चालणारा छोटा घ्या, आणि प्रॅक्टिस रूमसाठी कानात घालायचे प्लग, ते मात्र नक्की, गेलेले कान परत येत नाहीत.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलीच नाही. हा वाजवतो कोणाबरोबर? एकटा खोलीत यूट्यूब लावून वाजवत असेल तर अजून काहीच ठरवता येणार नाही, ना तुम्हाला ना मला. डफ आणि तो अ‍ॅडलर सुरुवातीला तासन् तास दोघंच वाजवत बसायचे, आणि डफ न् बँडचा दुसरा गिटारवाला इझी यांनी तर अ‍ॅडलरच्या ड्रमसेटमधले जास्तीचे ड्रम काढून लपवले होते, साधं आणि घट्ट वाजावं म्हणून. बासिस्टचं अर्धं करिअर ड्रमर ठरवतो. तेव्हा बाबांना घेऊन एकदा त्यांच्या प्रॅक्टिसला जा, काही बोलू नका, वेळेवर कोण येतं, गाणं तुटलं की हा काय करतो तेवढं बघा, आणि ड्रमर कोण आहे, कसा आहे ते मला पुढच्या पत्रात कळवा, मग कॉलेज पुण्यात की सांगलीतच ते ठरवू.