सहा महिने पोरगी ठेवायची कुणाजवळ?

पत्र : मी सातपूरला राहते, कंपनीत पॅकिंगला जाते. थोरली बहीण नांदगाव तालुक्यात दिली आहे. ती आणि दाजी दरवर्षी ऊसतोडीला जातात. भाची यंदा दहावी पास झाली, आत्ताच सोळा पूर्ण झाली. दिवाळी झाली की टोळी निघायच्या आत तिचं लग्न उरकायचं ठरलंय. मुलगाही तोडणीवालाच. मी बोलले तर ताई म्हणते, तुला शहरात राहून काय कळणार! कामावरच्या बाया म्हणतात, तुमच्याकडं रीतच आहे. खरंच रीत आहे का? आणि नातं न तोडता हे थांबवता येईल का?

उत्तर : ताई, रीत म्हणून सोडून देऊ नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या मुली केरळात 2.4 टक्के, महाराष्ट्रात 7.6, पश्चिम बंगालात 16.4 आणि त्रिपुरात 21.9 टक्के होत्या. गरिबीचा हात यात आहेच, पण सगळं तिच्यावर ढकलता येत नाही. बंगालात बाईमागे सरासरी मुलं 1.6, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा कमी, तरी लग्नं लवकर होतात. आपल्याच राज्यात परभणीत 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 48 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा 21.9 आहे. शाळा मात्र ठळक फरक पाडते. देशभरात शाळेत न गेलेल्या मुलींत कोवळ्या वयातल्या बाळंतपणाचं प्रमाण 18 टक्के, बारावी आणि पुढे शिकलेल्यांत 4.

तुमच्या ताईच्या घरात काय चाललंय ते कोयत्यावरून कळतं. मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला, त्या जोडीलाच कोयता म्हणतात. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. लग्न झालं की पूर्ण. म्हणून मुलाकडच्यांना हंगामाच्या तोंडावर सून हवी असते. ताईची अडचण निराळी आहे. दोघं सहा महिने बाहेर, दहावीनंतर पोरीला शाळा नाही, घरी म्हातारी सासू. पोरगी ठेवायची कुणाजवळ? तिला लग्न हा या प्रश्नाचा जबाबदार तोडगा वाटतो. म्हणून तिच्याशी वयावर वाद घालू नका, या सहा महिन्यांची सोय घेऊन जा.

अकरावीचे प्रवेश सुरू असतानाच हालचाल करा. तुमच्या घरी ठेवणार असाल तर सातपूरचं शासकीय आयटीआय जवळ आहे. नाहीतर समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात जाऊन मुलींच्या शासकीय वसतिगृहाची चौकशी करा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, तिचंही नाव घेऊन विचारा. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आधार, फोटो सोबत ठेवा. उत्पन्नाच्या दाखल्यालाच वेळ जातो, तो आधी काढा.

दाजींना एक चित्र उभं करून सांगा. डोक्यावर 20-25 किलोची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी सतरा वर्षांची गरोदर पोर. राहायला कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी. तपासणीचं कार्ड गावाच्या उपकेंद्रात आणि ती दोनशे किलोमीटरवर, त्यामुळे रक्त किती, बीपी किती, हे कळा सुरू होईपर्यंत कुणी पाहत नाही. या वयात रक्त कमी असणं, बीपी वाढून झटके येणं, बाळ अडीच किलोच्या आत भरणं, हे धोके जास्त असतात.

एवढं करूनही ऐकलं नाही तर 1098 ला फोन करा. नाव गुप्त ठेवतात. गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. चूक इथे होते की लोक हळदीच्या दिवशी कळवतात. पोलीस येतात, हमीपत्र लिहून घेतात, आणि आठ दिवसांत दुसऱ्या गावच्या देवळात लग्न लागतं. तारीख ठरल्याचं कळताच कळवा आणि बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम 13 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मागा. त्यानंतर लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. नुसत्या हमीपत्राला ते बळ नाही. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला द्या, कारण आधारवरची तारीख बदलून आणलेली असू शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बाईला यात कैद होत नाही, पण दाजींना होऊ शकते. हे धमकी म्हणून सांगू नका, काळजीने सांगा.

भाचीशी एकटीशी बोललात का? पत्रात तिचं म्हणणं कुठेच नाही. तिचं दुसऱ्या कुणावर मन असेल, घरच्यांना ते कळलं असेल आणि म्हणून ही घाई असेल, तर नुसत्या वसतिगृहाने भागणार नाही. या रविवारी नांदगावला जा, तिला दोन दिवस सातपूरला घेऊन या आणि आधी ऐकून घ्या.