भारत आणि चीन: हार्डवुड आयातीच्या मूल्यावरून मागणी कळते का?

तुम्ही विचारलंय की २०१० पासूनचं दोन्ही देशांचं हार्डवुड (साग, ओकसारख्या रुंद पानांच्या झाडांचं लाकूड) आयातीचं मूल्य एकाच आलेखावर मांडलं तर कोणाची मागणी जास्त वाढली ते कळेल का. नुसत्या मूल्यावरून नाही कळणार. त्यातही कस्टम्सचा फक्त ४४०७ हा कोड घेऊन बसलात तर उलटंच कळेल.

इतकं ठाम सांगतोय कारण याच आकड्यावरून आमच्या घरात वाद झालाय. सासऱ्यांची रे रोडला लाकडाची वखार होती, हिशेब मी बघायचो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्याआधी बाजारात ज्याला जमेल त्याने बर्मा साग भरून ठेवला होता. नंतर एक दिवस मेहुणा लॅपटॉप घेऊन वखारीत आला. ४४०७ म्हणजे कापीव लाकूड, त्यात भारताची रेघ वर चाललेली, आणि तीही रुपयांत. म्हणाला, "दाजी, मागणी वाढलीय, कर्ज काढून आणखी माल उचलू."

मी म्हटलं, अरे, शेजारचं ४४०३ उघड, ओंडक्यांचं. ओंडके यायचे थांबले म्हणून त्यातलं काही आता कापून येतंय. या खिशातलं त्या खिशात गेलं. शिवाय मे २०१३ मध्ये डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता, तो ऑगस्टअखेर ६८ वर गेला. एक घनफूट जास्त न येताही रुपयांतली रेघ वर जाणारच. सासरे म्हणाले, "जावईबापू, तुम्ही नेहमी नाटच लावता." माल उचलला गेला. सगळा साग छपराखाली पडून राहिला आणि बँकेचं व्याज चालू राहिलं.

चीनचं गणितच वेगळं. त्यांनी नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड टप्प्याटप्प्याने २०१७ पर्यंत बंद केली. त्यामुळे ओंडके तर येतातच, पण कापीव मालही प्रचंड येतो: थायलंडचं रबरवुड, अमेरिकेचा ओक. त्यातलं बरंचसं फर्निचर होऊन पुन्हा बाहेर जातं, म्हणजे ती सगळी चीनची घरची मागणी नव्हेच. २०१८ नंतर अमेरिकी हार्डवुडचा आकडा पडलेला दिसला तर आधी दोघांनी एकमेकांवर लावलेले कर आठवा. आपण मात्र वर्षानुवर्षं ओंडकेच आणले, कारण त्यांच्यावर ड्यूटी कमी आणि इथे चिराई स्वस्त. म्हणून एकट्या ४४०७ वर भारत उगाच किरकोळ दिसतो.

तेव्हा ४४०३ आणि ४४०७ एकत्र घ्या, डॉलरमध्ये घ्या आणि शेजारी घनमीटर ठेवा. पाइन वगळायला विसरू नका, ते सॉफ्टवुड; कांडल्याला उतरणारा न्यूझीलंडचा माल बहुतेक तोच असतो.

हो, आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, चीनचं जानेवारी ते डिसेंबर, तेव्हा महिन्यांचे आकडे घेऊन जुळवा. २०१७ मध्ये उपकोड बदलले, तिथे रेघ तुटल्यासारखी दिसेल. आणि बर्मा सागाचे जुने कागद हॉपस टनात (ओंडके मोजायचं जुनं इंग्रजी माप) असतील तर एक टन म्हणजे सुमारे १.८ घनमीटर धरा.

मेहुणा अजूनही म्हणतो की बाजार बसला म्हणून माल अडकला. ओंडके आणि कापीव मिळून किती घनमीटर आले, हे त्याने तेव्हा काढलंच नव्हतं.