रेव्हन्सचा पहिला लोगो तीनच हंगामांत का गेला?

तुम्ही विचारलंय की क्लीव्हलंडहून बाल्टिमोरला आलेल्या रेव्हन्स या अमेरिकन फुटबॉल संघाने आपला पहिला लोगो इतक्या लवकर का टाकला. एका फॅक्समुळे.

नोव्हेंबर १९९५ मध्ये मालक आर्ट मोडेल यांनी संघ हलवत असल्याचं जाहीर केलं. पण क्लीव्हलंडकर असे भडकले की तडजोडीत 'ब्राउन्स' हे नाव, रंग आणि जुने विक्रम तिथेच ठेवावे लागले. खेळाडू आले, आडनाव मात्र माहेरीच राहिलं. (१९८४ साली याच बाल्टिमोरमधून कोल्ट्स हा शहराचा आधीचा फुटबॉल संघ रातोरात ट्रक भरून इंडियानापोलिसला गेला, तो घोड्याच्या नालेचं चिन्हही सोबत घेऊन.) मग स्थानिक वर्तमानपत्राने फोनवर कौल घेतला आणि 'रेव्हन्स' जिंकलं. रेव्हन म्हणजे डोमकावळा, एडगर ॲलन पोच्या कवितेतला. पो याच शहरात वारला, त्याची कबरही इथेच आहे.

१९९६ च्या उन्हाळ्यात लोगो आला: मधे ढाल, तिच्यावर 'बी' अक्षर, दोन्ही बाजूंना पसरलेले पंख. कावळ्याला ना डोकं ना चोच! माझ्या शेजाऱ्यांकडे अजून तशी टोपी आहे. लांबून एखाद्या विमान कंपनीचा बिल्लाच वाटतो.

तो लोगो पाहून एक सुरक्षारक्षक चमकला. हौशी चित्रकार होता तो. एप्रिलच्या सुरुवातीलाच त्याने ढाल आणि पंखांचं असंच चित्र स्टेडियम प्राधिकरणाच्या अध्यक्षांना फॅक्स केलं होतं. वापरलंत तर एक पत्र आणि सही केलेलं हेल्मेट पाठवा, एवढीच मागणी. तेही आलं नाही, तेव्हा तो कोर्टात गेला. १९९८ मध्ये ज्युरीने कॉपीराइटचा भंग झाल्याचं मान्य केलं आणि १९९९ पासून हेल्मेटवर लाल डोळ्याचं, जांभळं कावळ्याचं डोकं आलं. खरं सांगू? चित्र म्हणून हे कितीतरी सरस आहे.

नुकसानभरपाई? २००२ मध्ये दुसऱ्या ज्युरीने ठरवली शून्य डॉलर. संघाची कमाई लोगोमुळे झालेलीच नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. गडी तरीही लढत राहिला. जुन्या सामन्यांच्या चित्रफितींत तो लोगो दिसतो म्हणूनही खटले घातले. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने माहितीपटांत आणि संघाच्या इतिहासाच्या प्रदर्शनात तो दाखवायला हरकत नाही, असा निकाल दिला.