लुब्लिनला खोली घेण्याआधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

पोलंडमध्ये, लुब्लिनच्या विद्यापीठात तुझा प्रवेश पक्का झाल्याचं वाचून फार आनंद झाला. पण त्याच मेलमध्ये तू एका फ्लॅटचे फोटो पाठवलेस आणि विचारलंस, "ताई, डिपॉझिट भरून टाकू का? नाहीतर हातचा जाईल." भरू नकोस. बाकीचं पत्र सावकाश वाच, एवढं मात्र आत्ताच ऐक.

फोटोंत लाकडी जमीन, खिडकीतून जुनं शहर, भाडं आजूबाजूच्या जाहिरातींपेक्षा कमी, आणि मालक 'सध्या परदेशात' म्हणून किल्ली कुरिअरने येणार. ऑक्टोबरात वर्ग सुरू होण्याआधी अशा जाहिरातींना ऊत येतो. नवीन मुलांना घाई असते, व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा कागद दाखवायचा असतो, आणि फसवणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. मालक खरा असेल तर त्याच्याकडून 'क्शेंगा व्येचिस्ता'चा क्रमांक माग. आपण सातबारा बघतो तसं हे मालकीचं नोंदपुस्तक आहे. क्रमांक हाती असेल तर न्याय मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट उघडतं, आणि मालकाचं नाव व कर्ज-बोजा दोन्ही दिसतं. सहकारी संस्थांच्या काही फ्लॅटना असं पुस्तक नसतं. तसं असेल तर मालकाने संस्थेचा कागद दाखवावा. दोन्हींपैकी काहीच दाखवायला तयार नसेल, तर विषय तिथेच संपव.

माझं स्पष्ट मत आहे, पहिलं सेमिस्टर विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्येच काढ. इथे त्याला 'अकादेमिक' म्हणतात. तुझ्या मारिया क्युरी-स्क्लोदोव्स्का विद्यापीठाची हॉस्टेलं कॅम्पसला लागूनच आहेत: हेलियोस, इकार, क्रोनोस, बाबिलोन अशी त्यांची नावं. खोलीत बहुधा आणखी एक मुलगी असेल, स्वयंपाकघर सामाईक असेल, फर्निचर जुनं असेल. चालेल. तिथे राहण्याचा कागद विद्यापीठच देतं आणि भाड्यात वीज-पाणी-हीटिंग सगळं येतं. खाली पोर्टरची खोली असते, रात्री-अपरात्री किल्ली हरवली तरी दारात अडकून पडायची वेळ येत नाही. अर्ज उन्हाळ्यातच करावा लागतो, म्हणून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला आजच मेल टाक. थंडी संपेपर्यंत शहर पायाखालचं होईल. मग तीन-चार जणींनी मिळून फ्लॅट बघा, आणि तो स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

लुब्लिन स्वस्त आहे, यात शंका नाही. वॉर्सा किंवा क्राकूवच्या मानाने खोलीचं भाडं बरंच कमी. पण जाहिरातीतला आकडा म्हणजे पूर्ण भाडं नसतं, आणि आपली मुलं नेमकी इथेच गडबडतात. मालकाचं भाडं वेगळं, इमारतीच्या देखभालीचा 'चिन्श' वेगळा, आणि वीज, गॅस, इंटरनेट त्याच्यावर. म्हणून पहिला प्रश्न हाच विचार: "सगळं धरून जानेवारीत किती होतं?" जानेवारीच म्हण, कारण उन्हाळ्याच्या बिलावरून काहीच कळत नाही.

आता हीटिंग. याबद्दल मी जरा जास्त लिहिते, कारण आपल्याकडून येणाऱ्या मुलीला घर तापवण्याचेही पैसे पडतात हे सुचतच नाही. क्राकोव्स्किये प्शेदमीश्च्ये या मुख्य रस्त्याच्या आसपासच्या जुन्या इमारती देखण्या असतात. उंच छत, जाड भिंती, कोरीव दारं. पण त्यातल्या काही खोल्या विजेच्या हीटरवर तापतात. मागे दोघी मुलींनी अशीच एक खोली स्वस्त म्हणून घेतली आणि हिवाळ्यात विजेचं बिल जवळपास भाड्याइतकं आलं. शेवटी त्या खोलीत कोट घालून अभ्यास करायच्या. याउलट समाजवादी काळातले काँक्रीटचे 'ब्लोक' बाहेरून रुक्ष दिसतात, पण शहराच्या केंद्रीय यंत्रणेचं गरम पाणी त्यांच्या रेडिएटरमधून फिरतं. घर उबदार राहतं आणि खर्च बहुतेक 'चिन्श'मध्येच धरलेला असतो. एल.एस.एम. या सहकारी गृहसंस्थेच्या वसाहती बघ. त्यातली स्लोवात्स्की वसाहत 1960 च्या दशकात झोफिया आणि ओस्कर हान्सेन या वास्तुकार दांपत्याने आखली. झाडं भरपूर, आणि कॅम्पस फार लांब नाही. मी तुझ्या जागी असते तर जुन्या शहरातल्या खिडकीपेक्षा तिथली खोली घेतली असती.

खोली बघायला गेलीस की रेडिएटरच्या मागची भिंत आणि न्हाणीघराचे कोपरे बघ. काळे ठिपके असतील किंवा नुकताच तेवढ्याच भागाला रंग दिलेला असेल, तर बुरशी आहे असं समज. रोज पाच-दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडायची सवय लाव, बाहेर उणे दहा असलं तरी. आपल्या स्वयंपाकाची वाफ बंद घरात मुरते. हॉस्टेलमध्ये फोडणी देताना तर खिडकी उघडीच ठेव, धुराचा अलार्म वाजला की अख्खा मजला बाहेर येतो.

कराराबद्दल दोन गोष्टी. मुदतीचा करार मध्येच मोडता येत नाही, ज्या कारणांसाठी मोडता येईल ती करारातच लिहिलेली असावी लागतात. करार सप्टेंबरपर्यंतचा आणि तू जुलैत घरी, असं झालं तर रिकाम्या खोलीचं भाडं भरत बसशील. म्हणून महिन्याभराच्या नोटिशीचं कलम आधी घालून घे. दुसरं, किल्ली घेताना ताबा-पत्रक कर. त्यात मीटरचे आकडे, भिंतीवरचे डाग, गादीची अवस्था, सगळं लिहून दोघांच्या सह्या, आणि फोटो. डिपॉझिट परत मिळतं ते या कागदाच्या जोरावर.

'मेल्दुनेक', म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, हा विषय घरमालकाकडे पहिल्या भेटीतच काढ. काही मालक टाळाटाळ करतात. तीस दिवसांपेक्षा जास्त मुक्कामाची नोंद झाली की 'पेसेल', म्हणजे आपल्या आधारसारखा सरकारी ओळख क्रमांक मिळतो आणि पुढची बरीच कामं सोपी होतात. व्हिसा संपायच्या आत निवास परवान्याचा अर्ज गेलाच पाहिजे. त्या फायलीत घराचा करार लागतो, म्हणून तोंडी व्यवहार नको.

खाण्याची काळजी आईला फार आहे, तिला सांग उपाशी राहणार नाहीस. पिठाच्या पिशवीवर 'टिप' म्हणून आकडा असतो. 450 किंवा 500 म्हणजे आपला मैदा. पोळीसाठी 1850 चं ग्राहम पीठ घे, थोडं भरड असतं, त्यात 650 मिसळ, लाटायला बरं पडतं. मसूर आणि छोले कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात. 'माश्लान्का' म्हणजे ताकच, कढी उत्तम होते. बाहेर स्वस्तात जेवायचं तर 'बार म्लेचनी', म्हणजे साधी खानावळ शोध. तिथले बटाटा आणि चक्क्यासारख्या ताज्या चीजचे 'प्येरोगी रुस्किये', म्हणजे उकडलेल्या करंज्या, तुला आवडतील, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालायची पद्धत आहे. मागतानाच "बेझ स्क्वारेक" म्हण. सूप बहुधा मांसाच्या रश्श्यात करतात, तेही विचारून घे. बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात, भाजी शनिवारी आण.

विद्यार्थी ओळखपत्र मिळालं की शहरातल्या बस आणि ट्रॉलीबसचं तिकीट निम्म्यात पडतं, आणि सव्वीस वर्षांची होईपर्यंत रेल्वेतही 51 टक्के सवलत असते. ते कायम जवळ बाळग.

डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. पहिल्या वर्षी ते जड जातं, सगळ्यांनाच. सकाळचे तास घरात घालवू नकोस. एखादं लेक्चर नसलं तरी बाहेर पड, साक्सोन बागेत चक्कर मार, नाहीतर ग्रंथालयात जाऊन बस. फक्त मराठी मुलांच्यातच राहू नकोस, हेही सांगते. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या आजींना "जेन दोब्री", म्हणजे नमस्कार, म्हण. पहिल्यांदा त्या नुसती मान हलवतील, पण महिन्याभरात ओळख ठेवतील. तू कोल्हापूरची, हेही सांगून बघ. 1943 ते 1948 या काळात तुमच्या वळिवड्यात हजारो पोलिश निर्वासित राहिले होते, त्यात बायका-मुलंच जास्त. ते गाव माहीत असणारी माणसं इथे अजून भेटतात.

कॅम्पसवरच्या हॉस्टेलचा अर्ज आज संध्याकाळपर्यंत भर, आणि काय उत्तर येतं ते कळव. पुढे फ्लॅट बघशील तेव्हा करारावर सही करण्याआधी त्याचे सगळ्या पानांचे फोटो मला पाठव. पोलिश कलमं मी वाचून सांगते.

तुझी,
ताई