परवानाधारक बंदूकमालकांना सरकारी निर्बंध जाचक वाटतात का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. परवान्याची बंदूक बाळगणाऱ्यांना सरकारचे शस्त्रविषयक निर्बंध जाचक वाटतात का, ही पहिली; आणि निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, त्याबद्दल त्यांचे म्हणणे काय असते, ही दुसरी. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात शेती करतो. माझ्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना आहे आणि वडिलांकडून आलेली बारा बोअरची एकनळी बंदूक आहे. त्यामुळे पुढचे उत्तर मुख्यतः कोकणातल्या शेतकऱ्याच्या अनुभवातून आलेले आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तसे सांगण्याचे कारण असे की, बंदूकमालकांचे एकच एक मत नसते. पुण्यामुंबईत स्वसंरक्षणासाठी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगणारा व्यापारी, स्पर्धांसाठी सराव करणारा नेमबाज, आजोबांची दुनळी कपाटात जपून ठेवणारे जुने घराणे आणि भाताच्या राखणीला रात्री मळ्यात जाणारा शेतकरी या सर्वांना शस्त्र कायदा एकच लागू होतो, पण त्याची टोचणी प्रत्येकाला वेगळ्या ठिकाणी लागते. शहरातल्या परवानाधारकांशी बोलताना 1878 च्या इंग्रजी शस्त्र कायद्याचा विषय हमखास निघतो. लॉर्ड लिटन यांच्या काळातल्या त्या कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपीयांना मात्र त्यातून सूट दिली. त्याविरुद्ध काँग्रेसने आपल्या सुरुवातीच्या अधिवेशनांतच ठराव केले होते. हा इतिहास खरा आहे. परंतु त्याच्या आधारे शस्त्र बाळगणे हा आपला मूलभूत हक्क आहे, असे जे म्हटले जाते, ते मला पटत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी 2023 मध्ये, उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना, अमेरिकेच्या राज्यघटनेत असा हक्क असला तरी आपल्या घटनेत तो नाही, हे स्पष्टपणे नमूद केले आहे.

तरीही शेतकऱ्याच्या बाबतीत आपला कायदा लोक समजतात तितका कठोर नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमातील कलम 13 नुसार, पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक हवी असेल आणि अर्जदाराला अपात्र ठरवणारे काही कारण नसेल, तर परवाना देणे हाच नियम आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. पिस्तूल मागणाऱ्याला मात्र तसे सबळ कारण अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. हा फरक मला योग्य वाटतो. शिवाय 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाचे वय 70 झाले, किंवा शस्त्र त्याच्याकडे 25 वर्षे राहिले, तर हयातीतच वारसाच्या नावे ते करून देण्यासाठी अर्ज करता येतो. आमच्या घरी बंदूक याच मार्गाने माझ्याकडे आली, आणि वडिलांच्या पश्चात ती ठाण्यात पडून राहण्याची वेळ आली नाही.

मग तक्रार कशाबद्दल आहे? माझ्या ओळखीच्या बहुतेक परवानाधारकांची तक्रार एकच आहे, आणि ती निवडणुकीतल्या सरसकट जमा करण्याबद्दल आहे. आचारसंहिता लागली की काही दिवसांतच ठाण्यातून निरोप येतो. बंदूक घेऊन तालुक्याला जायचे, नोंद करायची, पावती घ्यायची आणि निकाल लागल्यानंतर पुन्हा तेच करायचे. एरवी हे कोणी मनावर घेतले नसते. पण 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली आणि मतमोजणी 23 नोव्हेंबरला झाली, हे दिवस डोळ्यांसमोर आणा. कोकणात हळवे, म्हणजे लवकर पिकणारे, भात तोपर्यंत कापणीला आलेले असते, उशिरा पिकणारे गरवे अजून उभे असते आणि रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खा कोपरा लोळवून जातो. ज्या कामासाठी सरकारने परवाना दिला, ते काम वर्षभरात ज्या आठवड्यांत असते, नेमक्या त्याच आठवड्यांत बंदूक ठाण्यात असते. त्यानंतर पत्र्याचे डबे वाजवणे, फटाके लावणे आणि माळ्यावर जागत बसणे एवढेच हाती उरते. डुकरांना या उपायांची सवय व्हायला फार वेळ लागत नाही.

यातली खरी बोच अशी आहे की, सरसकट जमा करण्याचा आग्रह निवडणूक आयोगाच्या सूचनांतही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये याच विषयावर निर्णय दिला आणि त्याला अनुसरून आयोगाने त्याच वर्षी सूचना काढल्या. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती असावी, तिने परवानाधारकांची प्रकरणे तपासावीत आणि ज्यांच्याबाबत गरज वाटेल त्यांनाच शस्त्र जमा करण्याची नोटीस द्यावी, असे त्यात म्हटले आहे. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले आणि विशेषतः निवडणुकीच्या काळात दंगलीत सापडलेले लोक कोणते, हे तिने प्रामुख्याने पाहायचे आहे. निकालानंतर शस्त्र परत करायचे, हेही तिथेच सांगितले आहे. म्हणजे कागदावर माणूस पाहून निर्णय घ्यायचा आहे, आणि प्रत्यक्षात परवान्यांची यादी पाहून निरोप जातात. अधिकाऱ्यांची अडचण मला कळत नाही असे नाही. एवढ्या परवान्यांची एकेक करून छाननी थोड्या दिवसांत करायची, आणि त्यातून एखादी बंदूक नको तिथे वाजली तर जाब त्यांनाच द्यायचा. अशा वेळी सगळ्यांच्याच बंदुका आत ठेवणे त्यांना सोपे वाटते. पण मग ही छाननी दोन निवडणुकांच्या मधल्या काळात, परवान्याच्या नूतनीकरणाबरोबरच, का होऊ नये? त्या वेळी पोलीस अहवाल मागवलेलाच असतो.

जमा केलेल्या बंदुकीची निगा हाही प्रश्न आहे. कोकणातल्या दमट हवेत नळीला तेलाचे फडके आठवड्यातून एकदा तरी फिरवावे लागते. एका वर्षी ठाण्यातून परत आलेल्या माझ्या बंदुकीच्या नळीत गंजाचे ठिपके होते आणि ते काढायला कारागिराला पैसे मोजावे लागले. ठाण्यातल्या माणसांचे ते काम नाही, हे मान्य. परंतु मग निदान मालकाने तेल लावून, गुंडाळून दिलेली बंदूक तशीच ठेवली जावी, एवढी अपेक्षा गैर नसावी.

वन्यजीव कायद्याच्या निर्बंधांबद्दल थोडक्यात सांगतो. अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपल्या शस्त्राची वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. बंदूक शेतीसंरक्षणाची असली तरी तिने डुक्कर मारायला वन खात्याची परवानगी लागते. गव्याला तर हात लावण्याचा प्रश्नच नाही. अनेकांना ही थट्टा वाटते. मला वाटत नाही, कारण शेतीसंरक्षणाच्या नावाखाली रात्री बॅटरी घेऊन शिकारीला जाणाऱ्या टोळ्या आमच्याच गावांतून निघतात आणि अंधारात आपल्याच सोबत्याला गोळी लागल्याच्या बातम्या कोकणात अधूनमधून येत असतात. बंदूक आभाळाकडे धरून एक बार काढला तरी कळप पळतो, आणि बहुतेक रात्री तेवढेच पुरते.

शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे असावीत असे ठरले. मूळ विधेयकात एकच होते. वारशाने आलेल्या शस्त्रांचा मुद्दा पुढे आल्यावर ते दोन करण्यात आले. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, आणि लग्नावरातीत हौसेने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद आली. जुन्या घराण्यांना पहिली गोष्ट लागली, हे मी पाहिले आहे. पण शेतकऱ्याला एका बंदुकीपलीकडे काही नको असते, त्यामुळे आमच्याकडे त्याची चर्चा फारशी झाली नाही. वरातीत पिस्तूल उडवणाऱ्यांबद्दल तर मला यत्किंचितही सहानुभूती नाही. अशा माणसांमुळेच पुढच्या प्रत्येक अर्जदाराकडे संशयाने पाहिले जाते.

कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्याचे उदाहरण आमच्यातले काही जण देतात. तिथे कोडव या स्थानिक समाजाला आणि जम्मा नावाच्या वंशपरंपरागत जमिनी धारण करणाऱ्यांना परवान्यातून सूट आहे, 2019 मध्ये तिला 2029 पर्यंत मुदतवाढ मिळाली आणि कर्नाटक उच्च न्यायालयानेही ती 2021 मध्ये वैध ठरवली. तशी सूट कोकणाला असावी, असे मी म्हणणार नाही. ती तिथल्या रिवाजातून आलेली आहे आणि आमच्याकडे बंदूक पूजेची नव्हे, राखणीची वस्तू आहे.

परवानाधारकांच्या मनात आणखी एक सल असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल पाहिले तर जप्त होणाऱ्या बंदुकांत विनापरवाना शस्त्रांचा वाटा प्रचंड असतो. गावठी कट्टा बाळगणारा आचारसंहितेत ठाण्यावर रांग लावत नाही. रांगेत उभा राहतो तो, ज्याचा पत्ता, छायाचित्र आणि बंदुकीचा क्रमांक सरकारकडे आधीच आहे. म्हणून परवान्याची पद्धतच सैल करावी, असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो चुकीचा वाटतो, कारण परवान्याची बंदूक चोरीला गेली की तीही त्याच बाजारात पोहोचते. सुरक्षित ठेवण्याची हमी आणि हाताळणीचे प्रशिक्षण या अटी मी तर आणखी कडक करीन.

आपल्या घरी अशी बंदूक असेल आणि पुढच्या निवडणुकीत नोटीस आली, तर तिच्यात दिलेल्या मुदतीत बंदूक जमा करा. ते टाळणे हा गुन्हा ठरू शकतो. त्याबरोबरच छाननी समितीच्या नावे लेखी अर्ज द्या. त्यात पिकाचे क्षेत्र, सातबाऱ्याचा उतारा, यापूर्वी वन खात्याने केलेले नुकसानीचे पंचनामे आणि आपल्यावर गुन्हा नसल्याचे निवेदन जोडा, आणि पोच घ्या. आमच्या भागात अशा अर्जांवरून काहींना सूट मिळाली आहे, काहींना मिळालेली नाही. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि नळीची स्थिती न विसरता लिहून घ्या.